कासच्या सड्यावर एकटीनं जायचंय

पत्र: मी सांगलीत राहते. वय 57, नोकरीतून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी घरच्यांबरोबर गाडीनं कासला गेले होते. रविवार होता. जेमतेम पाऊण तास थांबलो, त्यातला निम्मा वेळ एकमेकांचे फोटो काढण्यात गेला. मला किडे खाणारी झाडं बघायची होती, कंदीलपुष्प बघायचं होतं. 'चला, उशीर होतोय' यात सगळं राहून गेलं. यंदा एकटीच जायचं म्हणतेय. मुलगा म्हणतो, एकटी कशाला, पाय घसरला तर? मैत्रिणी म्हणतात, कंटाळशील. गुडघे जरा कुरकुरतात, बाकी ठणठणीत आहे. कधी जाऊ, काय बरोबर घेऊ आणि एवढ्या फुलांत ती झाडं ओळखू कशी?

उत्तर:

ताई, जा, आणि एकट्याच जा. तुम्हाला जी झाडं बघायची आहेत त्यांतली बरीचशी वीतभरही उंच होत नाहीत. दवबिंदू या किडे खाणाऱ्या वनस्पतीची एक जात तर जमिनीला चिकटून असते, रुपयाच्या नाण्याएवढी. ती बघायची तर एका जागी बूड टेकून बसायला हवं, आणि बरोबर चार माणसं असली की तेच होत नाही. एकाला चहा हवा असतो, दुसऱ्याला तलाव बघायचा असतो. मैत्रिणींनी सांगितलेला कंटाळा येतो तो फुलांचा गालिचा बघायला गेलेल्यांना. गुलाबी रंग पाच मिनिटांत बघून होतो, मग पुढं काय? तुमच्याकडे त्या 'पुढं काय'चं उत्तर आधीच आहे.

झाडं ओळखायचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय, पण आपण तिथूनच सुरुवात करू, कारण कधी जायचं आणि काय न्यायचं हे त्यावरच ठरतं.

कास म्हणजे साताऱ्याच्या पश्चिमेला साधारण 25 किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून 1200 मीटरच्या आसपासचा जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं सपाट पठार. खाली काळा कातळ आणि वर जांभ्याचं टोपण. माती कुठं बोटभर, कुठं अजिबात नाही, एखाद्या खोलगट जागी हातभर. पावसाळ्याचे चार महिने पाणी खळखळत राहतं आणि मातीतलं सत्त्व धुऊन नेतं. उरलेले आठ महिने तोच दगड तव्यासारखा तापतो. अशा जागी मोठं झाड टिकत नाही. टिकतात त्या दोन प्रकारच्या वनस्पती: पावसाबरोबर उगवून, फुलून, बी टाकून दोनतीन महिन्यांत संपणाऱ्या, नाहीतर जमिनीखाली कंद ठेवून उन्हाळा झोपून काढणाऱ्या. फुलझाडांच्या साडेआठशेच्या आसपास जातींची इथं नोंद आहे. 2012 साली पश्चिम घाटाच्या ज्या जागा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यांत हा सडा आहे.

म्हणून कासवर फूल शोधताना रंग आधी बघू नका, जागा बघा. पायाखाली काय आहे? उघडा दगड, दगडावरून झिरपणारं पाणी, डबकं, बोटभर माती, की गवत? प्रत्येक जागेचे रहिवासी ठरलेले आहेत. जांभळ्या फुलांच्या सातआठ जाती एका नजरेत येतात, रंगावरून गेलात तर गोंधळ नक्की. जागेवरून गेलात तर यादी निम्म्याहून कमी होते.

दगडावर जिथं पाण्याचा पातळ पापुद्रा सतत झिरपतो, तिथं पांढऱ्या गुंड्या टोचल्यासारखे गेंद दिसतील. त्यांच्याच सोबतीनं निळसर जांभळी, नखाएवढी फुलं असतात, ती सीतेची आसवं. ही तुमची पहिली किडे खाणारी वनस्पती. गंमत अशी की तिचं फूल काहीच पकडत नाही, आणि लोक मात्र फुलातच सापळा शोधत बसतात. सापळे खाली, ओल्या मातीत असतात. टाचणीच्या डोक्याएवढ्या किंवा त्याहून बारीक पिशव्या. पिशवीतलं पाणी वनस्पती बाहेर टाकते, आत दाब कमी होतो, तोंडाशी झडप बंद असते. सूक्ष्म जीव झडपेच्या केसाला लागला की झडप उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. हे सगळं सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत. या वनस्पतीला खरी मुळं नसतात. पिशव्या बघायला ती उपटावी लागेल, म्हणून त्या बघायच्या नाहीत. फूल बघा, खाली काय चाललंय हे माहीत असू द्या, तेवढं पुरे.

दवबिंदू मात्र डोळ्यांदेखत शिकार करतो. बारीक खडी, आखूड गवत आणि ओल एकत्र असेल अशी उघडी जागा बघा. एका जातीची पानं दोऱ्यासारखी लांब आणि रोपटं उभं, दुसरीची पानं चमच्यासारखी आणि गोल चकतीत जमिनीवर टेकलेली. दोघींच्याही पानांवर लाल केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. चिलट चिकटलं की आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्याकडे वाकतात. थेंब चमकतात ते ऊन समोरून आलं तर. तेव्हा सूर्याकडे तोंड करून बसा आणि खाली नजर फिरवा. सूर्य पाठीशी असेल तर समोर असूनही दिसणार नाही. जोराच्या सरीनं थेंब धुऊन जातात आणि झाड साध्या तांबूस गवतासारखं दिसतं. अशा वेळी तासदीड तास थांबून परत त्याच जागी या.

डबक्यांत वायतुरा असतो, पण हंगामाच्या आधीच्या भागात. पाण्यातून वर येणारा दोन फाट्यांचा तुरा ही त्याची खूण. शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, म्हणजे साताऱ्याचंच नाव त्याला आहे. ही वेगळी जात म्हणून तिची शास्त्रीय नोंद झाली ती 1982 साली. आणि ती आढळते ती फक्त सह्याद्रीच्या सड्यांवर. जरा माती असेल तिथं तेरडा आणि सोनकी, ज्यांचा गुलाबी-पिवळा गालिचा होतो. इथला तेरडा म्हणजे आपण गौरीसाठी आणतो तो नव्हे, ती याची भावकी. आपला दारचा तेरडा कमरेपर्यंत जातो, हा घोट्याशी राहतो. आणखी माती असेल तिथं पिवळ्या पाकळीवर तांबडे ठिपके असलेली मिकी माऊसची फुलं. कडेला, उतारावर, टोपली पालथी घातल्यासारखी गोल झुडपं दिसली तर ती टोपली कारवी. ती 7 वर्षांनी एकदाच एकदम फुलते, त्यामुळे यंदा पानंच दिसली तर नवल मानू नका.

आता कधी. हंगाम साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत, पावसाप्रमाणे पुढंमागं. फोटोंत येतो तो गालिचा बहुधा सप्टेंबरच्या मध्याला असतो आणि गर्दीही तेव्हाच. तुमच्या झाडांसाठी त्याच्या जरा आधीचा आठवडा चांगला, कारण सीतेची आसवं आणि दवबिंदू यांना पाणी झिरपत राहायला हवं. लागून पाच-सात दिवस उघडीप पडली की दगड सुकतो आणि ती झपाट्यानं संपतात. सोनकी आणि मिकी माऊस मागाहून बराच काळ टिकतात, त्यांची काळजी नको. सगळं एका फेरीत बघायचा हट्ट मात्र सोडा. वायतुरा आणि मिकी माऊस दोन्ही ऐन भरात एकाच दिवशी मिळत नाहीत.

वार मंगळवार ते गुरुवार निवडा. दिवसाला 3000 लोकांची मर्यादा ठेवलेली आहे आणि शनिवार-रविवारी ती भरते. आरक्षण ऑनलाइन होतं. शुल्क आणि वेळा बदलत असतात, म्हणून त्या वर्षी जाहीर झालेल्याच बघा, मागल्या वर्षीच्या कुणाच्या तरी संदेशावर जाऊ नका. सकाळची पहिली वेळ घ्या. पावतीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा आणि एक कागदावरही छापून घ्या, कारण वर रेंज मिळेलच असं नाही.

सांगलीहून पहाटे निघून त्याच दिवशी परत, असं करू नका. तीनेक तासांचा प्रवास, मग घाट, मग उभं राहणं, यानं गुडघे दुपारपर्यंत बोलायला लागतात आणि मग बघणं होत नाही. आदल्या संध्याकाळी साताऱ्यात मुक्काम करा. सकाळी समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढून रस्ता कासला जातो. सातारा स्टँडवरून बामणोलीकडे जाणारी एसटी कासवरूनच जाते. चढतानाच वाहकाला परतीच्या गाडीची वेळ विचारा आणि उतरल्यावर तिथल्या माणसांकडून तीच पुन्हा पक्की करा. वडापच्या, म्हणजे माणशी पैसे घेणाऱ्या जीपच्या, भरवशावर परतीचं गणित मांडू नका. मधल्या वारी दुपारनंतर ते मिळेलच असं नाही. परवडत असेल तर साताऱ्यातून अर्ध्या दिवसाची रिक्षा किंवा टॅक्सी ठरवा. एकट्या माणसाला हा खर्च जड वाटतो, पण पाऊस लागला तर बसायला छप्पर आपलं असतं.

बरोबर काय न्यायचं ते मोजकंच. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, जे जवाहिरे वापरतात. बहुतेक लोक ते चुकीचं धरतात: हातभर लांब धरून, वृत्तपत्र वाचल्यासारखं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि चेहराच फुलाकडे न्यायचा, फूल अडीच सेंटिमीटरवर आलं की स्पष्ट होतं. आठवडाभर आधी घरी कुंडीतल्या तुळशीच्या मंजिरीवर सराव करा. गुडघ्यांमुळे एवढं खाली वाकणं जमणार नसेल तर दुर्बीण न्या, पण दीड मीटरवरचंही स्पष्ट दाखवणारी. घेताना दुकानात स्वतःच्या बुटाच्या लेसवर रोखून तपासा. उभ्यानं पायाशेजारचा गेंद तिच्यातून छान दिसतो. तीच दुर्बीण उलटी धरली तर भिंगाचंही काम करते.

रेनकोट टोपीचा, गुडघ्याखाली जाणारा घ्या. छत्री वाऱ्यात उलटी होते आणि एक हात अडकून राहतो. बूट खोल नक्षीच्या रबरी तळाचे हवेत. गुळगुळीत तळाची सपाता किंवा नवे चकाचक स्पोर्ट्स शूज शेवाळलेल्या जांभ्यावर बर्फासारखे घसरतात. घरून निघताना तळ ब्रशनं घासून धुवा. आपल्याकडच्या गाजर गवताचं बी चिखलातून वर न्यायला नको. मोज्यांचे दोन जोड, लिटरभर पाणी, गुळाची पोळी किंवा दशम्या असं कोरडं काही, आणि त्याचं वेष्टण परत आणायला एक पिशवी. लिहायला वही आणि शिसपेन्सिल. दमट कागदावर बॉलपेन उमटत नाही, शाईचं पसरतं. एक काठी, तळाला रबर लावलेली. चालताना आधार आणि बसून उठताना तिसरा पाय.

वर गेल्यावर पहिला तास, पठाराची व्यवस्था बघणाऱ्या स्थानिक समितीचा गाईड घ्या. आजूबाजूच्या गावांतलीच ही मंडळी, आज कुठल्या दगडाशी काय फुललंय हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना सरळ सांगा, गालिचा नको, दवबिंदू आणि सीतेची आसवं दाखवा आणि त्या जागा मला परत सापडतील अशा खुणा सांगा. गाईड गेल्यानंतरचे दोन तास तुमचे.

त्या दोन तासांत पळू नका. पायवाटेला लागून कोरडा, उघडा दगड शोधा आणि त्यावर बसा. मातीवर किंवा हिरवळीवर नाही, तिथं बसलं की बोटभर मातीतलं पुढच्या वर्षीचं बी दाबलं जातं. समोरचा चार हात लांब, चार हात रुंद तुकडा मनात आखा आणि वीस मिनिटं तेवढाच बघा. पहिली पाच मिनिटं काही दिसणार नाही. मग डोळे सरावतात आणि त्याच तुकड्यात आठ-दहा जाती निघतात. प्रत्येकीसाठी एक ओळ: कुठं उभी आहे, उंची किती बोटं, पानं समोरासमोर की एकाआड एक, पाकळ्या किती, आणि सर्वांत शेवटी रंग.

फोटो चार, याच क्रमानं: आधी जागेसकट अख्खं झाड, मग फूल समोरून, मग बाजूनं, मग पान. बहुतेकांकडे फुलाचा समोरचा एकच फोटो असतो आणि घरी आल्यावर त्यावरून कुणालाच नाव सांगता येत नाही. बाजूनं काढला की फुलाची नळी, मागची सोंड दिसते, ओळख बऱ्याचदा तिच्यावरच असते. पांढरे गेंद मोबाइलवर नुसते चुन्याचे ठिपके येतात. पडद्यावर गेंदावर बोट टेकवा आणि उजेड कमी करा. गेंदाची नेमकी जात मात्र फोटोवरून ठरवायच्या भानगडीत पडू नका, त्यासाठी बी सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं, भले भले तिथं थांबतात. कॅमेऱ्यावर वाफ धरली तर पुसत बसू नका. एसी गाडीसारख्या गार जागेतून तो एकदम बाहेरच्या दमट हवेत आला की असं होतं, दहा मिनिटं बाहेर राहू दिलात की आपोआप जाते.

कंदीलपुष्पाबद्दल आधीच सांगतो, म्हणजे हिरमोड नको. ते गवतात गवतासारखंच उभं असतं, संख्येनं थोडं असतं आणि त्याचे कंद खाल्ले जात असल्यानं आणखी कमी झालंय. कासवर दिसलं तर भाग्य. शोधत गवतात शिरू नका, तुमच्या पायाखालीच ते चिरडायची शक्यता जास्त. ते शांतपणे बघायची खरी जागा तुम्हाला सांगलीहून जवळ आहे: कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं वनस्पती उद्यान. कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती जपण्याचं काम तिथं वर्षानुवर्षं चाललेलं आहे. वनस्पतिशास्त्र विभागाला आधी विचारून, परवानगी घेऊन पावसाळ्यातच जा, एरवी कुंडीत नुसता कंद असतो. तिथं फुलाची नळी जवळून बघा. आत खाली वळलेले केस असतात. वासानं आलेली बारीक माशी आत घसरते आणि केसांमुळे परत चढू शकत नाही. काही काळानं केस सुकतात, नळी वाकते आणि माशी पराग घेऊन सुटते. हे झाड तिला खात नाही, फक्त अडकवून ठेवतं. तुमच्या किडे खाणाऱ्यांच्या यादीतून ते वगळा.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर टाळायचं नाही, त्याची काळजी रास्त आहे. पाय घसरतो तो चढावर नव्हे, सपाट काळपट हिरव्या दगडावर, आणि बहुधा फोटो काढत मागं सरकताना. मोबाइल डोळ्यासमोर असताना पाऊल उचलायचं नाही, एवढा एकच नियम पाळा. दगड उलथू नका, खाचेत हात घालू नका. अशा सड्यांवर दगडाखाली फुरसं, हा विषारी साप, असू शकतं. धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. अशा वेळी वाट सोडून एक पाऊलही जायचं नाही, आहात तिथं वाटेवरच थांबायचं. ते बऱ्याचदा थोड्या वेळात वर उचललं जातं. सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो. सड्यावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो, म्हणून पहिला गडगडाट कानावर आला की गाडीकडे निघा, फूल अर्धवट राहिलं तरी. स्वच्छतागृहाचं प्रवेशाच्या ठिकाणीच उरका, वर आडोसा नाही.

'एकट्याच आलात?' असं चारजण तरी विचारतील. 'हो, झाडं बघायला' म्हणा आणि भिंग त्यांच्या हातात द्या. दवबिंदू दाखवलात तर तेही खाली बसतील, आणि तुमच्या दगडाजवळची माती त्या दिवसापुरती तरी कोणी तुडवणार नाही.

मुलाला कागदावर लिहून द्या: साताऱ्यातला मुक्काम, वर जायची वेळ, परतीच्या गाडीची वेळ, आणि दुपारी चारला साताऱ्यात पोचून फोन करीन. मधल्या वेळात फोन लागणार नाही हेही त्याला आधीच सांगा. दोन वाजता 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकून तो घाबरला, तर पुढच्या वर्षी वायतुऱ्यासाठी जुलैत निघताना परत हाच वाद घालावा लागेल.